मैदान भिजवून मिळवलेला विजय

महोदय,

फुटबॉलमध्ये नामवंत पाहुण्या संघाला यजमान क्लबनं मैत्रीपूर्ण लढतीत हरवलं की एक तर चमत्कार झाला म्हणतात, नाही तर पाहुणे मन लावून खेळलेच नाहीत म्हणतात. १३ डिसेंबर १९५४ ला इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स (वुल्व्ह्ज) क्लबनं हंगेरीतल्या बुडापेस्टच्या होन्वेद क्लबला ३-२ नं हरवलं, त्या सामन्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

होन्वेद म्हणजे पुश्काश, कोचिश, चिबोर आणि बोझिक या हंगेरीच्या नामवंत खेळाडूंचा संघ. वर्षभरापूर्वी लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडची ६-३ अशी धूळधाण उडवणाऱ्या हंगेरीचे सहा खेळाडू त्या रात्री वुल्व्ह्जच्या मॉलिन्यू मैदानावर उतरले होते. वुल्व्ह्जही इंग्लंडचे लीग विजेते होते, दुबळे नव्हेत. तरी चौदाव्या मिनिटाला होन्वेद २-० नं पुढे होता. पहिला गोल पुश्काशच्या फ्री किकवर कोचिशच्या हेडरचा.

सामना फिरला तो चिखलामुळे, आणि ती तजवीज आधीच झाली होती. पाऊस पडून गेलेला असतानाही व्यवस्थापक स्टॅन कलिस यांनी सकाळी क्लबच्या उमेदवार पोरांना मैदानावर आणखी पाणी मारायला लावलं. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेले रॉन अ‍ॅटकिन्सन त्या पोरांत होते. हंगेरियनांचा खेळ जमिनीलगतच्या आखूड पासचा. चिखलात असा पास मध्येच अडकतो, जोर वाढवला तर अंदाज चुकतो, आणि चेंडू पायाशी ठेवून पळणाऱ्याचे पाय तासाभरात जड होतात. त्या काळचा कातडी चेंडू पाणी पिऊन आणखी जड व्हायचा. वुल्व्ह्जचे लांब, उंच पास मात्र चिखलाच्या वरून जात. उत्तरार्धात हँकॉक्सनं पेनल्टीवर पहिला गोल केला. शेवटच्या पाव तासात होन्वेद दमला आणि स्विनबर्ननं दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं दोन गोल केले. यात लबाडी नव्हती. यजमानानं आपल्या मैदानाचा पुरेपूर उपयोग केला, इतकंच. पण मागे पडल्यावरही घाई न करता तोच खेळ रेटत राहणं, याला मी पाण्यापेक्षा जास्त गुण देईन.

दुसऱ्या दिवशी इंग्रजी वृत्तपत्रांनी वुल्व्ह्जना जगज्जेते ठरवलं. तिथेच चूक झाली. फ्रान्सच्या 'लेकिप' दैनिकाचे गाब्रिएल आनो यांनी रास्त हरकत घेतली: आधी मॉस्को आणि बुडापेस्टला जाऊन जिंकून दाखवा. घरच्या चिखलातला एक विजय म्हणजे अर्धाच पुरावा. लढत घरी एकदा आणि परक्या मैदानावर एकदा, अशी त्यांची मांडणी होती आणि त्यातूनच १९५५ मध्ये युरोपियन कप सुरू झाला. आजची चॅम्पियन्स लीग ती हीच. गंमत म्हणजे त्या पहिल्या स्पर्धेला इंग्लंडचा विजेता चेल्सी गेलाच नाही, कारण इंग्लिश लीगनं त्याला परावृत्त केलं.

आपल्याकडे, विशेषतः फुटबॉलवेड्या कोल्हापुरात, बाहेरच्या संघांशी सामने होतात. त्यांच्या बातमीत गोलसंख्येबरोबर तीन गोष्टी जरूर छापाव्यात: पाहुण्यांचे पहिले अकरा कोण होते, किती बदली खेळाडू उतरवले आणि मैदान कोरडं होतं की ओलं. परतीचा सामना ठरला असेल तर त्याची तारीखही द्यावी.

एक वाचक, कोल्हापूर