समन्वयकाच्या पगाराला कात्री का?

मा. संपादक,

मार्च जवळ आला की हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांना सीएसआरच्या, म्हणजे कायद्याने समाजकामासाठी खर्चायच्या, उरलेल्या निधीची आठवण होते. मग कंपनीतल्या अनुभवी कर्मचाऱ्यांच्या (मेंटॉरच्या) मार्गदर्शनाने मुलींना आयटीत आणणाऱ्या मेंटॉरिंग उपक्रमांसाठी संस्थांकडून घाईघाईने प्रस्ताव मागवले जातात. उद्घाटन होतं, टी-शर्ट वाटले जातात, १५ मेंटॉर आणि ३० मुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून त्या ग्रुपवर फक्त सणांच्या शुभेच्छा येतात. मेंटॉरच्या मनात खोट नसते. सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात तो भेट पुढे ढकलतो, मुलगी ‘सर बिझी असतील’ म्हणून पुन्हा विचारत नाही, आणि असं दोन-तीनदा झालं की जोडी तुटते. ती तुटतेय हे वेळेत कळायला मधे संस्थेची पूर्णवेळ समन्वयक लागते. नेमकी तिच्याच पगाराला कात्री लागते.

त्यासाठी ५ टक्क्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवलं जातं. हा गैरसमज आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालच्या नियमांतली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कामकाजाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च तिच्यात मोडत नाही. समन्वयकाचं काम म्हणजे प्रकल्प राबवणंच की!

३१ मार्चची घाईसुद्धा टाळता येते. संचालक मंडळाने उपक्रमाला ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ (एका वर्षापुढेही चालणारा प्रकल्प) म्हणून मंजुरी दिली, तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या ३ आर्थिक वर्षांत वापरता येते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांपर्यंत मुलीला सोबत द्यायची, तर दोन वर्षं सहज जातात. वर्षभराच्या करारात ते बसत नाही.

कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचे तास पैशात मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत. त्यामुळे हा वेळ कंपनीच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. म्हणून महिन्याचे दोन तास मेंटॉरच्या मॅनेजरने आधीच लेखी मोकळे करून द्यावेत. रविवारच्या भरवशावर राहिलं की भेटी बुडतात.

चांगली समन्वयक काय करते? पंधरवड्याला एक तास, अशा तीन महिन्यांच्या तारखा एकदमच ठरवते. भेटीनंतर दोघांकडून दोन-दोन ओळी मागवते. एक भेट चुकली की दोन दिवसांत फोन करते, तिसऱ्या चुकीची वाट पाहत नाही. मेंटॉर मधेच नोकरी बदलतात, म्हणून पंधरांमागे तीन राखीव ठेवते. भेटी कंपनीच्या मीटिंग रूममध्ये किंवा कॉलेजातच होतील आणि तक्रार कुणाकडे करायची हे मुलीला पहिल्याच दिवशी माहीत असेल, हेही तीच पाहते. एका समन्वयकाकडे ३०-३५ मुली, त्याहून जास्त नकोत.

बारीक गोष्टीही तिच्याच नजरेला पडतात. मुलगी रात्री अडलेल्या पायथन प्रोग्रामचा फोटो पाठवते, पण त्यात एररच्या लाल मजकुराच्या वरच्या ओळी येतात आणि चूक जिथे लिहिलेली असते ती शेवटची ओळ कापली जाते. मेंटॉर दुसऱ्या दिवशी ‘पूर्ण पाठव’ म्हणतो, तोवर ती गप्प झालेली असते. एरर कॉपी करून मजकूर म्हणूनच पाठवायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं की निम्मा गोंधळ मिटतो. सरावाच्या मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारलं तर बहुतेक मुली ‘आम्ही केलं’ म्हणतात. लॉगिनचं पान हिने एकटीने लिहिलेलं असतं, तरी ‘मी’ तोंडातून निघत नाही. ते निघायला चार-पाच सराव लागतात, आणि दर वेळी ‘यातलं तू काय केलंस?’ असं विचारणारं कुणीतरी समोर लागतं.

कंपन्यांनी दिलेल्या जुन्या लॅपटॉपचंही तेच. डेटाच्या काळजीपोटी हार्ड डिस्क काढलेली, मशीन सुरू करणाऱ्या बायोसला पासवर्ड, चार्जर गायब. ४ जीबी रॅमवर मोबाइल अ‍ॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ चालत नाही, त्याला किमान ८ जीबी लागते. वाटपाआधी प्रत्येक मशीन सुरू करून पाहायला दोन दिवस जातात. ते दिवसही समन्वयकाचेच.

शेवटी अहवालात छापलं जातं काय, तर किती मुलींनी नाव नोंदवलं. नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी किती जणी कामावर टिकल्या, हा आकडा कंपन्यांनी संस्थांकडे मागावा. तो मिळवायला प्रत्येकीला फोन करावा लागतो, म्हणून येत्या मार्चच्या प्रस्तावांत समन्वयकाचा बारा महिन्यांचा पूर्ण पगार प्रकल्प खर्चाच्या पहिल्या ओळीत धरावा, ही पुण्यातल्या सीएसआर अधिकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती.

— मुलींच्या तंत्रशिक्षण उपक्रमांतील कार्यकर्ते, कर्वेनगर, पुणे