फणी, कागदाचा कपटा आणि बारावीचा पेपर

महोदय,

माझी नात बारावीला आहे. कूलोमच्या नियमावरचं (दोन विद्युतप्रभारांमधलं बल त्यांच्या गुणाकाराच्या सम आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं) गणित ती दीड मिनिटात सोडवते. क्लासमध्ये घड्याळ लावून तशी सवयच केली आहे. परवा केस विंचरून झाल्यावर तिची फणी मी कागदाच्या कपट्यांवर धरली. कपटे टपाटप चिकटले. म्हटलं, "कपट्यावर प्रभार शून्य. मग तुझ्या सूत्राने बलही शून्य यायला हवं. हे ओढले कसे गेले?" उत्तर आलं, "आजोबा, हे पेपरात येत नाही."

खरं तर तो अख्खा नियम त्या कपट्यातच आहे. विंचरल्याने प्रभारित झालेली फणी जवळ आली की कागदातले प्रभार किंचित सरकतात. फणीकडच्या कडेला विजातीय (फणीच्या विरुद्ध), पलीकडच्या कडेला तेवढाच सजातीय (फणीसारखा). ओढ आणि ढकल यांची फिट्टंफाट व्हायला हवी होती. पण विजातीय प्रभार केसभर जवळ असतो आणि अंतर घटलं की बल वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून ओढ जिंकते.

नियमातला हा अंतराचा वर्ग आला कुठून, हेही मुलांना कुणी सांगत नाही. कूलोम हा फ्रेंच लष्करी इंजिनियर. उमेदीची वर्षं त्याने मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात घालवली. 1785 साली त्याने बारीक तारेला आडवी काडी टांगली, तिच्या टोकाला भेंडाची गोळी लावली आणि शेजारच्या गोळीसह तिला सारखाच प्रभार दिला. गोळ्या 36 अंश दूर सरकल्या, म्हणजे तारेलाही 36 अंश पीळ बसला. अंतर 18 अंशांवर आणायला तारेला एकूण 144 अंश पीळ बसला, म्हणजे चौपट. पुढे साडेआठ अंशांना 575.5. पाव अंतराला सोळापट, म्हणजे नऊ आणि 576 असे गोळीबंद आकडे त्याने दाखवले नाहीत, हे मला फार आवडतं. आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत मात्र सगळी उत्तरं अचूक!

पावसाळ्यात दमट हवेमुळे फणीचा हा प्रयोग फसतो, पण थंडीत हमखास जमतो. बारावीची तोंडी परीक्षा नेमकी त्याच सुमारास असते. परीक्षकांनी टेबलावर एक प्लॅस्टिकची फणी आणि रद्दीचा तुकडा ठेवावा. चिकटलेला कपटा थोड्या वेळाने टुणकन उडून का जातो, एवढंच विचारावं.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा