कुसळं, जटा आणि मशीन

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमाराला अंगावरचे सगळे केस उतरवलेले छोटे टेरियर कुत्रे रस्त्यावर दिसू लागतात. पावसाळ्याच्या ओलीत केसांच्या जटा झालेल्या असतात, त्यात यवतेश्वरच्या घाटात नाहीतर दंडोबाच्या डोंगरावर फिरवून आणलं की पोटाला कुसळं चिकटतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘एकदाच मशीन फिरवून टाका, कटकट मिटेल.’ बहुतेक टेरियरांच्या बाबतीत ती कटकट मिटत नाही, उलट वाढते.

केर्न, वेस्ट हायलँड, स्कॉटिश या टेरियरांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, तारेसारखा. आतला मऊ, कापसासारखा. वरचा केस पिकला की मुळाशी सैल होतो, पण आपणहून लवकर गळत नाही. मशीन तो मधेच कापतं आणि मेलेलं मूळ जागेवर राहतं. पुढे अंगावर मऊ थराचंच राज्य होतं, रंग फिका पडतो, आणि त्या कापसात चिखल आणि कुसळं आधीपेक्षा जास्त अडकतात. माणदेशात मेंढरं कातरतात, पण लोकर वाढतच राहते. टेरियरचा राठ केस तसा नाही. तो कापायचा नसतो, उपटायचा असतो.

उपटायचा म्हटल्यावर लोक दचकतात. पिकलेला केस निघताना कुत्र्याला दुखत नाही. कुत्रं अंग चोरत असेल तर केस अजून कच्चा आहे, थांबावं. बोटांना थोडी खडूची पूड लावावी म्हणजे पकड येते. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत पाच-सात केस धरून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने सरळ ओढायचे. झटका द्यायचा नाही, मनगट वळवायचं नाही, नाहीतर केस तुटतो आणि मशीनचाच दोष पुन्हा येतो. मान आणि पाठ आधी घ्यावी. जांघ आणि पोट नाजूक, तिथे कात्रीच बरी. वर्षातून दोनदा, रोज वीस मिनिटं असं आठवडाभरात उरकतं. हे अंघोळीआधी करायचं, कारण धुतलेला केस बोटांतून निसटतो.

यॉर्कशायर टेरियरचा मामला वेगळा. त्याचा केस रेशमी आणि एकेरी, तो उपटायचा नाही. कात्रीने दोन-तीन सेंटीमीटरवर आणला तरी बिघडत नाही. मात्र तो कोरडा विंचरला तर तुटतो. फवाऱ्याच्या बाटलीत पाण्याबरोबर चमचाभर कुत्र्यांचं कंडिशनर घालून आधी ओलसर करावा. (ल्हासा आणि शित्झूंनाही आपल्याकडे सर्रास टेरियर म्हणतात. ते टेरियर नव्हेत, पण गुंत्याचं पुढचं सगळं त्यांनाही लागू.)

गुंता होतो त्या जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली. वरवर ब्रश फिरवून पाठ चकाचक दिसते आणि मुळाशी नमद्यासारखा घट्ट गुंता तसाच राहतो. म्हणून केस हाताने वर धरून खालून एकेक ओळ सोडत कातडीपासून टोकापर्यंत विंचरावं, शेवटी स्टीलची फणी घालून बघावी. फणी अडली की गुंता आहे. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून बोटांनी फाकवावा. नाहीच सुटला तर कातडी आणि गुंता यांच्यामध्ये फणी ठेवून, फणीच्या वरूनच, मुळाकडून टोकाकडे उभा चिरावा. नुसती कात्री खाली सारली तर गुंत्याबरोबर वर ओढली गेलेली कातडीही कापली जाते. घरी होणाऱ्या जखमा बहुतेक अशाच.

गुंता सोडवल्याशिवाय अंघोळ घालू नये. पाणी लागलं की जट आवळते, वाळली की दगड होते. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कोमट पाणी पुरे. माणसांचा शाम्पू नको, कुत्र्याच्या कातडीला तो जास्त आम्लधर्मी पडतो. फिनेल तर मुळीच नको. कानात कापूस घालून, शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून लावावा, पाच मिनिटं ठेवावा आणि लावायला लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवावा. राहिलेल्या फेसानेच खाज सुटते. टॉवेलने चोळायचं नाही, दाबून टिपायचं.

नखं फरशीवर टकटक वाजू लागली की कापावीत. काळ्या नखात रक्ताची शीर दिसत नाही, म्हणून बारीक चकत्या घ्याव्यात; कापाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की थांबावं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरावी. पुढच्या पायाचं आतलं, जमिनीला न टेकणारं नख झिजत नाही, ते विसरलं तर वळून मांसात घुसतं.

आता कुसळं. कुसळाचं टोक सुईसारखं आणि त्यावरची लव मागे वळलेली असते, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कुसळाच्या शेपटीला ओल लागली की तिचा पीळ सुटत ती फिरते आणि टोक आणखी आत जातं. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, काख, जांघ आणि कान हाताने चाचपावेत, दारातच, कुत्रं आत येऊन झोपायच्या आधी. वर दिसणारं कुसळ चिमट्याने सरळ ओढून काढावं. कानात गेलं असेल तर कापसाची काडी (बड) घालू नये, ते आत ढकललं जातं. एकच कान झटकणं, मान एका बाजूला कलती धरणं, एकच पंजा सारखा चाटणं, बेचक्यात फोड येणं, यातलं काही दिसलं तर घरगुती लेप लावत न बसता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली