ईस्टरची तारीख एकच असावी

संपादक महोदय,

२० एप्रिल २०२५ रोजी पाश्चात्त्य आणि पौर्वात्य अशा दोन्ही ख्रिस्ती परंपरांचा ईस्टर एकाच दिवशी आला. ईस्टर सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरवणाऱ्या निकेयाच्या धर्मपरिषदेला त्याच वर्षी १७०० वर्षे झाली. नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे आणि पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेचे कुलपती (पेट्रिआर्क) बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातील इझ्निकला, म्हणजे त्याच निकेयात, एकत्र प्रार्थना केली. इंदुरात बातमी पाहताना माझे डोळे भरून आले. पण २०२६ मध्ये पुन्हा ५ आणि १२ एप्रिल अशा दोन तारखा!

नियम दोघांचाही तोच: वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेपुढचा रविवार. मात्र पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या (चर्च) तो जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या पद्धतीने मोजतात आणि ती आज आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांचे अधिक महिने जुळले नाहीत की काय गोंधळ होतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

१९९७ साली सीरियातील अलेप्पो येथे झालेल्या विविध चर्चच्या बैठकीत उपाय सुचवला गेला होता. नियम निकेयाचाच ठेवा, संपात आणि पौर्णिमा मात्र जेरुसलेमच्या रेखांशावरून, आजच्या खगोलगणिताने काढा. यात कोणालाच दुसऱ्याचे कॅलेंडर स्वीकारावे लागत नाही, म्हणून मला तो मनापासून पटतो. आमच्या मराठी उपासनेत आम्ही ‘एकाच मंडळी’वरचा विश्वास मोठ्याने कबूल करतो. मग प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस तरी एक का नसावा? भारतातील चर्चच्या धुरीणांनी ही मागणी जागतिक व्यासपीठावर ठामपणे मांडावी, ही कळकळीची विनंती.

— एक मराठी ख्रिस्ती वाचक, इंदूर