नळी घालणारे आहेत, काढणारं कोण?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

मी नागपुरात वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. लोक आम्हाला स्पीच थेरपिस्ट म्हणतात, आमच्या वॉर्डातल्या मावशी 'स्पीचवाल्या मॅडम'. आमच्या रुग्णालयात पेशंट महिनोन् महिने राहतात. कुणाला पक्षाघात झालेला, कुणाच्या डोक्याला गाडीवरून पडून मार लागलेला, कुणी पार्किन्सनने थकलेला, कुणाच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेली. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला की पुढच्या लांबलचक काळासाठी ते आमच्याकडे येतात, गडचिरोलीपासून पार बालाघाटपर्यंतचे. येताना बहुतेकांच्या नाकात अन्नाची नळी असते. बोलण्याबरोबर गिळणं तपासून ते सुधारणं हेही आमचंच काम, म्हणून हे पत्र त्या नळीबद्दल आहे.

नळी वाईट नाही. पक्षाघात झाल्यावर सुरुवातीच्या दिवसांत जवळपास निम्म्या पेशंटना नीट गिळता येत नाही. अशा वेळी नळीच त्यांना जगवते. पण यातल्या बऱ्याच जणांचं गिळणं पुढच्या काही आठवड्यांत सुधारतं. ते सुधारलं की नाही हे कुणी बघतच नाही, आणि नळी तशीच राहते.

मागच्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातले एक बाबा आमच्याकडे आले. नळी सात महिन्यांपासून. आधीच्या दवाखान्याच्या कार्डावर 'नळीने आहार चालू ठेवा' एवढंच लिहिलेलं, कधीपर्यंत ते नाही. नळी ओढून काढू नये म्हणून घरच्यांनी त्यांचा चांगला हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधून ठेवला होता. मनगटावर काळा वळ पडला होता. मुलगा म्हणाला, "मॅडम, बाबा रोज इशाऱ्यानं चहा मागून राहिले जी. पण डॉक्टर तोंडानं काही देऊ नका म्हणाले होते, तं आम्ही नाही देत."

मी आधी तोंड उघडून पाहिलं. जिभेवर जाड, तपकिरी थर बसला होता. तोंडाने खातच नाहीत तर तोंड कशाला धुवायचं, असं घरच्यांना वाटलं होतं, आणि यात त्यांची चूक नाही. नळी असली तरी तोंडातली लाळ गळ्यात उतरतच असते आणि त्यातले जंतू फुफ्फुसात जातात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तोंड स्वच्छ करून बाबांना ताठ बसवलं. एक बोट हनुवटीखाली, एक त्याच्या जरा खाली आणि दोन कंठमण्यावर ठेवून चमचाभर पाणी दिलं. कंठ उचलला गेला. उशिरा, पण गेला. "आ म्हणा बाबा," म्हटलं. आवाज कोरडा, स्वच्छ आला. घोट चुकीच्या वाटेने गेला की बहुतेकदा आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो.

मग एक्स-रेत दिसणारं बेरियमचं द्रव पाजून एक्स-रेखाली गिळणं पाहिलं. पातळ पाणी अजून थोडं श्वासनलिकेत झिरपत होतं, आंबिलीसारखं दाट मात्र नीट उतरत होतं. तीन आठवड्यांच्या सरावानंतर नळी काढली. पहिलं जेवण मुगाचं घट्ट वरण आणि त्यात अगदी मऊ कुस्करलेला भात. चहासुद्धा दाट करूनच दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि दुसरा घोट मागितला.

महोदय, या बाबांचं गिळणं नेमकं कधी सुधारलं ते मला सांगता येणार नाही, कारण त्या सात महिन्यांत त्यांचा घसा कुणी तपासलाच नव्हता.

याच्या उलटंही होतं. एका काकूंची नळी घरी आपोआप निघून आली. घरच्यांनी प्रेमाने चहा पाजला, भेटायला आलेल्यांनी आणलेली संत्री सोलून भरवली. नागपुरात आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जातं? पण संत्र्याची फोड चावली की तोंडात रस आणि चोथा एकाच वेळी येतात. कमजोर घशाला याहून कठीण काही नाही. पोह्यावर तर्री घातली की तेच होतं. काकूंना एकदाही ठसका लागला नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. घशाची संवेदनाच गेलेली असली की अन्न फुफ्फुसात जात असतानाही खोकला येत नाही. आठवड्याने त्यांना न्यूमोनिया होऊन आमच्याकडे आणलं. त्या घरी परतल्या नाहीत. त्यांच्या सुनेने मला विचारलं, "मी काही चुकीचं केलं का?" हा प्रश्न तिच्यावर यायलाच नको होता.

बोलण्याबद्दल थोडक्यात लिहिते. ज्याची वाचा गेली त्याची बुद्धीही गेली असं धरून चालतात. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक बायकोचं नाव उच्चारू शकत नव्हते, पण खंजिरी वाजली की अख्खं भजन म्हणायचे. अशा माणसाला परत बोलतं करायला वाट असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, अशी गेलेली वाचाही त्यात येते आणि स्वरयंत्र काढून टाकलेले कॅन्सरचे पेशंटही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी विदर्भात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे किती पेशंट आम्ही बघतो ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आमचं काम शासनाला नवीन नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्पीच थेरपिस्ट धरलेला आहे, आणि ते फार चांगलं झालं. पक्षाघातही 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पण पक्षाघात होतो तो मुख्यतः मोठ्यांना, आणि त्या मोठ्यांच्या खाटेपाशी आमचं माणूस मला क्वचितच दिसतं. वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभागात आमचे लोक असतात, पण त्यांचा दिवस ऐकू येण्याच्या तपासण्यांतच संपतो.

म्हणून विनंती आहे, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात प्रौढांसाठी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचं एक वेगळं, नियमित पद काढा. कंत्राटी नको. चार वर्षांची पदवी घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेली आमची मुलं-मुली पद नाही म्हणून श्रवणयंत्रांच्या दुकानात बसतात किंवा परदेशी जातात. तोवर परिचारिकांना पाण्याची चाचणी शिकवा. पेशंट जागा आहे, बसू शकतो आणि 90 मिलिलिटर पाणी न थांबता, न खोकता पितो का, एवढं पाहायचं. अडखळला तर तोंडाने काही द्यायचं नाही आणि तज्ज्ञाला बोलवायचं. पक्षाघाताच्या पेशंटला पहिला घोट देण्याआधी हे झालंच पाहिजे. आणि नळी लावून घरी पाठवताना गिळणं पुन्हा कधी आणि कुठे तपासायचं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिणं सक्तीचं करा.

सध्या माझ्याकडे धानोरा तालुक्यातली एक आजी आहे. ती गोंडी बोलते. माझी चित्रं आणि शब्द सगळे मराठीत, म्हणून तिची नात मध्ये बसून सांगते आणि मी शब्द वहीत उतरवून घेते. परवा तिने नातीला नावाने हाक मारली. नळी अजून आहे, पण दाट आंबील चमच्याने जायला लागली आहे. पैसे संपल्यामुळे सोमवारी घरचे तिला घेऊन जाणार आहेत. नातीने विचारलं, "मॅडम, आमच्या गडचिरोलीत कोणाला दाखवू?" मी दोन दिवस फोन करते आहे. अजून नाव मिळालं नाही. कार्डावर 'फेरतपासणी कुठे' या ओळीत सध्या तरी मी नागपूर लिहिलं आहे.

आपली विश्वासू,
नागपुरातील एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ