आजीच्या खोलीतलं टेबल

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांना लॅपटॉपवर काम करायला टेबल आजीच्या खोलीत लावायचं, असं दादाने आणि मी ठरवलं आहे. शनिवारी तो येईल, तिचा पलंग आतल्या भिंतीकडे सरकवेल आणि जिन्याखालचं टेबल खिडकीपाशी आणून ठेवेल. लॅपटॉपचा स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस मी मागवले आहेत, ते त्याआधी घरी पोचतील. तुम्हाला विचारलं असतं तर दोघंही 'कशाला उगीच' म्हणाला असतात आणि आणखी एक वर्ष गेलं असतं. बाबांच्या हाताला आता तेवढा वेळ द्यायची माझी तयारी नाही.

आई, खोली मोडत नाही आहोत गं. तिचा आरसा, कपाट, खुंटीवरची शाल, सगळं आहे तिथेच राहील. आणि आजोबांच्या ज्या वह्या बाबा टाइप करतायत, त्या पुरातसुद्धा डोक्यावर धरून तिनेच वाचवल्या ना? त्या तिच्या खोलीत बसून लिहून झाल्या तर तिला बरंच वाटेल. दुसरी जागा शोधली नाही असंही नाही. पण बाहेरच्या खोलीत खिडकी पाठीमागे येते, उजेड लॅपटॉपच्या पडद्यावर चमकतो आणि अक्षरं दिसावीत म्हणून बाबा आणखी पुढे वाकतात. आजीच्या खोलीत टेबल खिडकीला काटकोनात बसतं, उजेड बाजूने येतो.

बाबा, परवा बोलता बोलता तुम्ही उजवा हात झटकलात आणि लगेच विषय बदललात. मी पाहिलं. मग 'वयच झालं' म्हणालात. वयाचा वाटा आहे, नाही म्हणत नाही. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये मानेचे मणके झिजलेले दिसतात, पण त्यातल्या कितीतरी जणांना काही दुखत नसतं. तुमची मान मात्र पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलं की दुखते आणि दादाकडे राहायला गेलात की थांबते. असं असताना सगळं वयावर कसं ढकलायचं?

अडचण त्या यंत्राच्या बांध्यात आहे. पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या आहेत. कळा हाताला सोयीच्या उंचीवर ठेवल्या तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर खांदे उचलून टाइप करावं लागतं. १९८२ साली बिल मॉग्रिज यांनी आखलेला ग्रिड कंपास हा घडीचा लॅपटॉप आला, तेव्हापासून ही घडी चालत आली आहे. ती बरोबर नेता यावी म्हणून केलेली सोय आहे. रोज तासन्‌तास बसून आजोबांच्या वह्या उतरवून काढण्यासाठी ती नाही.

न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर एक हिशेब मांडला. डोकं सरळ असताना मानेवर पाचेक किलोंचा भार असतो. मान ३० अंश वाकली की तो १८ किलोंच्या आसपास जातो, ६० अंशांना २७ किलो. आता १८ किलो म्हणजे साधारण पाच वर्षांची मी. तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन टेकडी चढायचात आणि दमलात की खाली उतरवायचात. हे ओझं मात्र तुम्ही दुपारभर उतरवतच नाही. हा गणिताने काढलेला अंदाज आहे, माणसांच्या मानेत मोजून पाहिलेला नाही, पण वाकण्यातलं नुकसान कळायला तो पुरेसा आहे.

म्हणून आता नीट ऐका. लॅपटॉप स्टँडवर, हातभर लांब. कीबोर्ड टेबलावर, आणि खुर्ची अशा उंचीची की कोपर अंगालगत राहून साधारण काटकोनात येईल. मनगट सरळ, पाठ खुर्चीला टेकलेली, किंचित मागे रेललेली चालेल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी असं सगळीकडे सांगतात, पण तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो. पडदा तेवढा उंच ठेवलात तर तुम्ही हनुवटी वर करून बघाल आणि मान मागच्या बाजूने दुखेल. तुमच्यासाठी तो चांगला चार बोटं खाली हवा. दादाला मी हे लिहून दिलं आहे, त्याच्याशी वाद घालू नका.

मुंग्यांचं मात्र मला खरंच नीट समजून घ्यायचं आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या आल्या तर मनगटातली नस दबलेली असू शकते. तुम्ही सांगता ती करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. ती नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते आणि तुम्ही दोन्ही कोपर पलंगाच्या लाकडी कडेवर टेकवून बसता. त्रास मानेतूनही येत असेल, ते इथे बसून मला कळणार नाही. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, जायचंच. हातातून वस्तू निसटत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा कमी वाटत असेल, तर मंगळवारचीही वाट पाहायची नाही. हे आईपासूनसुद्धा लपवायचं नाही.

आई, आता तू. विणकामाचे व्हिडिओ बघताना लॅपटॉप मांडीवर घेणं बंद. तुझ्या पायांची संवेदना कमी झाली आहे हे डॉक्टरांनीच सांगितलंय ना? चटका बसायला फार तापायलाही लागत नाही. ४४ अंशांची उष्णता सहा तास लागून राहिली तरी त्वचा भाजते, हे १९४७ मध्येच प्रयोगातून दिसलं होतं. त्याहून कमी ऊब रोज लागत राहिली तर मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मांडीखालच्या उशीने हवेच्या फटी बुजतात आणि यंत्र आणखी तापतं. तूही टेबलावरच बस. तुझे पाय जमिनीला टेकणार नाहीत, म्हणून पायाखाली घ्यायला दादा लाकडी चौरंग आणणार आहे.

डोळे चुरचुरतात म्हणून निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचा चष्मा करू नकोस. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात अशा काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही आढळलं नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायच्या विसरतो, ते खरं कारण. १९९३ च्या एका जपानी अभ्यासात निवांत बसलेल्या माणसांच्या पापण्या मिनिटाला २२ वेळा लवल्या, पडद्यासमोर फक्त ७ वेळा. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघ, पापण्या मुद्दाम मिट. टीव्हीसमोर बसलेल्या मला तू स्वयंपाकघरातून 'मागे सरक' म्हणून ओरडायचीस, आता मी म्हणते. मागे सरक, आई.

बाबा, एक राहिलं. वह्या मी किंवा दादा टाइप करून टाकू, असं आम्ही बोललो होतो आणि लगेच सोडूनही दिलं. ते काम तुमचं आहे. आजोबांचं अक्षर तुमच्याशिवाय कुणाला लागत नाही, हिरव्या वहीतलं तर नाहीच. फक्त सगळं बोटांनी करू नका. मराठीत बोललेलं टाइप होतं, दादा ते सुरू करून देईल. तुम्ही किंवा आई वाचा, चुकलेले शब्द तेवढे कीबोर्डवर दुरुस्त करा. आणि अर्ध्या तासाने उठा. खुर्ची कितीही चांगली असली तरी एकाच बैठकीत पाठ आखडते. उठून अंगणापर्यंत जाऊन या, हात सैल सोडा. मला अक्षर गिरवायला शिकवताना माझं मनगट धरून 'सैल, सैल' म्हणायचात, तितकंच सैल.

टेबल दोघांनी मिळून उचलू नका. शनिवारपर्यंत ते जिन्याखालीच राहू दे.

तुमची,
मनू

ता. क. बाबांच्या डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून ठेव, आई. पुढच्या वेळी चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा तो आकडा डोळे तपासणाऱ्यांना सांगायचा, म्हणजे फक्त टेबलावर वापरायला त्या अंतराचा वेगळा चष्मा करता येईल.