हडपसरच्या लढाईचा एक तरी बोर्ड लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून तुमच्या पेपरात किल्ल्यांवर खूप छान छान येतंय. मी सगळं वाचते, कात्रणंसुद्धा ठेवते. पण हे पत्र किल्ल्यांबद्दल नाही. किल्ले निदान डोळ्यांना दिसतात तरी. मला लिहायचंय ते लढाई जिथे झाली त्या साध्या मोकळ्या जमिनीबद्दल, आणि त्यातही मी लग्न होऊन आल्यापासून ज्या जमिनीवर राहतेय त्या हडपसरबद्दल.

शाळेत आपण सगळ्यांनी "वसईचा तह, 31 डिसेंबर 1802" पाठ केलाय. दोन मार्कांचा प्रश्न असायचा. त्याच्या दोन महिने आधी, 25 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत हडपसर, वानवडी आणि घोरपडीच्या माळावर जी लढाई झाली तिच्यामुळे तो तह झाला, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. म्हणजे भाजी आणायला मी ज्या रस्त्याने रोज जात होते तिथे मराठेशाहीचा निकाल लागला होता आणि मला पत्ताच नव्हता. मला याची खरंच लाज वाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुकोजी होळकर 1797 मध्ये गेले आणि त्यांच्या मुलांमध्ये वारशाचं भांडण लागलं, त्यात दौलतराव शिंदे पडले. त्या मुलांपैकी मल्हारराव (पहिले मल्हारराव नव्हेत, दुसरे) त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेच्या हल्ल्यात मारले गेले. 1800 मध्ये नाना फडणीस गेले, मग धरून ठेवणारं कोणी उरलंच नाही. एप्रिल 1801 मध्ये तुकोजींच्याच दुसऱ्या मुलाला, विठोजी होळकरांना, पेशवा दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायाला बांधून मारलं, हे तर वाचवत नाही. पुढे होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन मारलं, शिंद्यांच्या माणसांनी होळकरांचं इंदूर लुटलं, आणि शेवटी विठोजींचे भाऊ यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आले. बोलणी झाली, फिसकटली.

लढाईच्या दिवशी दौलतराव स्वतः इथे नव्हतेच, ते उत्तरेत होते, त्यांची फौज सदाशिवराव भास्कर यांच्या हाताखाली पेशव्यांच्या फौजेबरोबर उभी होती. दोन्हीकडे मराठी सरदार, दोन्हीकडे युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या कवायती पलटणी, त्यावर गोरे अधिकारी, त्यात उत्तरेतून पोटासाठी आलेले शिपाई. समोरून पंचवीस गोळे सुटेपर्यंत आपण तोफ डागायची नाही असा यशवंतरावांचा हुकूम होता असं सांगतात. सुरुवातीला होळकरांची बाजू मागे रेटली जात होती, तेव्हा ते स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर गेले आणि पारडं फिरलं. शिंद्यांच्या पलटणीचा कॅप्टन डॉस पडला, त्याच्याबरोबर आणखी अधिकारी पडले, होळकरांकडचा हार्डिंगही पडला. बाजीराव लढाई बघायला म्हणून वाड्यातून निघाला होता, तोफांचे आवाज ऐकून त्याने वाट बदलली आणि पराभवाची बातमी कळल्यावर सिंहगड गाठला. मग रायगड, महाड, तिथून समुद्रमार्गे वसई. तिथे त्याने इंग्रजांच्या सहा पलटणी आणि त्यांच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख कबूल केला. मे 1803 मध्ये तो इंग्रजांच्याच पहाऱ्यात पुण्यात परत आला, आणि सप्टेंबरमध्ये असईच्या लढाईत इंग्रजांनी शिंद्यांना हरवलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मधल्या काळात पुण्याच्या लोकांचे काय हाल झाले ते मात्र कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी शहराला हात लावायचा नाही असा होळकरांचा हुकूम होता, पण पुढच्या महिन्यांत सावकारांपासून साध्या माणसांपर्यंत सगळ्यांना पैशासाठी पिळलं गेलं, त्यावर 1803-04 चा दुष्काळ.

पानिपतावर आपण बोलतो, रडतो, कारण समोर परका होता. वडगाव मावळला 1779 च्या विजयाचं स्मारक आहे, महादजी शिंद्यांचा पुतळा आहे, बघून बरं वाटतं. पण हडपसरला आपणच आपल्याला हरवलं, ही यादवी होती, आणि यादवीचं स्मारक कोण बांधणार? शिंद्यांचा अभिमान असणारे बांधणार नाहीत, पेशव्यांचा असणारे नाहीतच, आणि होळकरांनी लढाई जिंकली पण शेवटी फायदा झाला तो इंग्रजांचा, त्यामुळे विजयस्तंभ तरी कसला उभारायचा. म्हणून सगळे गप्प. माझ्या मते म्हणूनच तिथे काहीतरी हवं.

आता हे मला एवढं का लागलं ते सांगते. माझी लेक अमेरिकेत नॅशव्हिलजवळ फ्रँकलिन नावाच्या गावात राहते. मी तिच्याकडे तीन महिने होते. त्या गावात 30 नोव्हेंबर 1864 ला त्यांच्या यादवीतली एक भयंकर लढाई झाली. दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांच्या जनरल हूडने दुपारी चारच्या सुमारास वीसेक हजार माणसं मोकळ्या मैदानातून सरळ खंदकांवर घातली. रात्रीपर्यंत त्याची सहा हजारांवर माणसं मेलेली, जखमी झालेली नाहीतर पकडलेली होती, आणि त्याचे सहा जनरल गेले. दोन आठवड्यांनी नॅशव्हिलला उरलेली फौज मोडली आणि त्या भागातलं युद्ध जवळजवळ तिथेच संपलं. तिथे कार्टर कुटुंबाचं विटांचं घर अजून उभं आहे, शेजारच्या लाकडी खोलीला गोळ्यांची भोकं तशीच आहेत, मी बोट घालून बघितलं. लढाई चालू असताना घरातली बायका-मुलं तळघरात बसून होती. त्यांचाच मुलगा टॉड, कितीतरी वर्षांनी घराकडे येत होता तो असा सैन्याबरोबर, आणि घर समोर दिसत असताना त्याला गोळ्या लागल्या. घरच्यांनी कंदील घेऊन त्याला शोधलं, घरात आणलं, आणि तो दोन दिवसांनी तिथेच गेला. हे ऐकताना मला तिथे बसावंच लागलं.

पण मला जास्त धक्का बसला तो वेगळ्या गोष्टीचा. ही जागा काही आधीपासून जपलेली नव्हती! शंभरेक वर्षं लोकांनी तिथे घरं बांधली, दुकानं काढली, रस्ते केले, अगदी आपल्यासारखंच. हूडच्या त्या सहा जनरलांपैकी क्लेबर्न जिथे पडला त्याच्या जवळ चक्क पिझ्झाचं हॉटेल होतं. लोकांनी पैसे गोळा करून ते विकत घेतलं आणि 2005 मध्ये पाडलं, तिथे आता गवत आहे आणि छोटी बाग. त्याच सुमाराला सुमारे 110 एकरांचं गोल्फचं मैदान बिल्डरकडे जायच्या ऐवजी गावाकडे आलं, निम्मे पैसे शहराने घातले आणि निम्मे लोकांनी वर्गणीतून उभे केले. मग आणखी एक प्लॉट, मग आणखी एक. म्हणजे गेलेलं रणांगण त्यांनी तुकड्या-तुकड्याने परत आणलं. मी तर समजत होते की एकदा सिमेंट पडलं की विषय संपला.

आणखी एक सांगायलाच हवं. तिथल्या चौकात 1899 पासून दक्षिणेच्या शिपायाचा पुतळा आहे. पण ते युद्ध झालं गुलामगिरीवरून, आणि त्याच चौकात कोर्टासमोर माणसं विकली जायची, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. 2019 मध्ये त्यांनी ते लिहिलेले बोर्ड लावले आणि 2021 मध्ये उत्तरेच्या बाजूने लढलेल्या काळ्या शिपायाचा पुतळा तिथेच उभा केला. सोपं नसणार ते, भांडणं झालीच असणार. पण आता तिथे उभं राहिलं की पूर्ण गोष्ट कळते, एकाच बाजूची नाही.

परत आल्यावर मी हडपसरच्या फ्लायओव्हरखाली रिक्षाची वाट बघत उभी होते आणि आजूबाजूला बघत होते. आयटी पार्क, सोसायट्या, गॅरेज, मंडई, ट्रॅफिक. मी आले तेव्हा इथे ऊस आणि भाजीचे मळे होते. इतक्या वर्षांत मला इथे या लढाईचा एकही बोर्ड दिसलेला नाही. लेकीने फोनवर विचारलं, आई, तिकडचा फोटो पाठव ना. कसला फोटो पाठवू?

मी काही कोणाची सोसायटी पाडा म्हणत नाही, आमचीच पहिली पाडावी लागेल. पण साध्या गोष्टी तरी होऊ शकतात. हडपसर, वानवडी आणि घोरपडी अशा तीन ठिकाणी नकाशासह मोठे मराठी बोर्ड लावा, कोणाची फौज कुठून आली, कोण पडलं, पुढे काय झालं, सगळं स्पष्ट लिहा, क्यूआर कोड टाका म्हणजे मुलं मोबाइलवर वाचतील. वानवडीला शिंदे छत्री आहे, महादजींचा 1794 मध्ये वानवडीतच मृत्यू झाला, ती जागा लोक बघायला येतातच, तिथेच आठ वर्षांनी काय झालं तेही सांगता येईल. शिवाय रेसकोर्स, एम्प्रेस गार्डन आणि लष्कराच्या हद्दीतली बरीच जमीन याच पट्ट्यात अजून मोकळी आहे. तिथे पुढे कधी मोठं खोदकाम निघालं तर आधी जाणकारांकडून तपासणी व्हावी. मेटल डिटेक्टर लावून जमिनीतले गोळे, गोळ्या जिथल्या तिथे नकाशावर मांडायच्या आणि त्यावरून फौजा कशा सरकल्या ते काढायचं, असं काम अमेरिकेत 1980 च्या दशकापासून होतंय. आपल्याच शहरात डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पेशव्यांच्या काळातली कागदपत्रं असलेलं पेशवे दफ्तर आहे, इतकं घरातल्या घरात दुसऱ्या कुठल्या रणांगणाला मिळणार?

इंग्लंडमध्ये 1995 पासून जुन्या रणांगणांची सरकारी नोंदवही आहे, त्यांच्या यादवीतलं 1645 चं नेसबी त्यात आहे. आपल्याकडे संरक्षण मिळतं ते किल्ल्याला, देवळाला, लेण्याला, माळाला कोण विचारतो. महाराष्ट्राने अशी एक यादी केली तर खर्डा, राक्षसभुवन, असई, आडगाव, आळेगाव, उदगीर, हडपसर अशी नावं सहज येतील. यादीत नाव असलं म्हणजे निदान परवानगी देणारा माणूस सही करायच्या आधी एकदा विचारेल तरी, की बाबा ही जमीन कसली आहे.

मी याबद्दल एका ऑफिसात दोनदा अर्ज दिला. पहिल्यांदा म्हणाले हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्यांदा म्हणाले जुना अर्ज सापडत नाही. म्हणून आता तुम्हाला लिहितेय. याच हडपसरमध्ये मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या चारशे एकरांवर स्वतःचं शहर उभं केलंय, सगळा देश ते बघायला येतो. त्यांच्या गावाला तीन बोर्ड जड आहेत असं मला कोणी सांगू नये.

येत्या 25 ऑक्टोबरला आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणांनी सकाळी हडपसर गाडीतळापासून वानवडीच्या शिंदे छत्रीपर्यंत चालत जायचं ठरवलंय. भाषण नाही, हारतुरे नाहीत. वाटेत थांबून कोणी तरी थोडं वाचून दाखवेल, होळकरांकडचं, शिंद्यांकडचं आणि पेशव्यांकडचंही. कोणाला यायचं असेल तर सकाळी सातला गाडीतळावर या, बरोबर पाण्याची बाटली आणा.

आपली नियमित वाचक,
हडपसर, पुणे